सांडलेला खडा आणि संपलेली मुदत

रुग्णालयातून घरी निघालेल्या माणसाच्या हाती औषधांच्या पिशवीबरोबर एक कागद ठेवला जातो. त्याला आपल्याकडे सर्रास 'डिस्चार्ज कार्ड' म्हणतात. आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव, गोळ्यांची यादी आणि टाके दाखवायला येण्याची तारीख एवढा मजकूर त्यावर असतो, आणि तोही बहुधा इंग्रजीत. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुराच्या घरी हा कागद शिधापत्रिकेच्या आणि मुकादमाच्या हिशेबाच्या चिठ्ठीशेजारी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडतो. पेटी बिऱ्हाडाबरोबर फडावर जाते, पावसात भिजते, आणि केव्हा तरी कागद नाहीसा होतो. तो नाहीसा झाल्याचे दुःख कोणाला होत नाही, कारण दुखणे संपले अशी सर्वांची समजूत असते.

काही दुखणी मात्र अशी असतात की ती शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाहीत. काही वेळा ती त्या दिवशी सुरू होतात. पित्ताशयाची दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया आणि तीत पोटात सांडून राहिलेले खडे हे त्याचे एक उदाहरण आहे. विषय वरकरणी वैद्यकाचा आहे, आणि पक्षाच्या साप्ताहिकात त्याला जागा कशासाठी, असे एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु पोटात राहिलेल्या खड्याची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे. तो न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पित्ताशय ही यकृताखालची लहानशी पिशवी. तीत पित्त साठते आणि काहींच्या बाबतीत त्याचे खडे बनतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक आढळते. खड्यांनी वारंवार कळा येऊ लागल्या की पित्ताशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. बर्लिनच्या कार्ल लांगनबुख यांनी १८८२ साली तो पहिल्यांदा केला आणि पुढे शंभर वर्षे पोटावर मोठी चीर देऊनच तो होत राहिला. १९८५ साली जर्मनीतच एरिश म्यूऽ या शल्यचिकित्सकाने लहान छिद्रांतून नळ्या घालून पित्ताशय बाहेर काढले. स्वदेशातल्या व्यवसायबंधूंनी तेव्हा त्यांची उपेक्षा केली. पण दशक संपण्याच्या आत ही पद्धत जगभर पसरू लागली. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती प्रथम केली. सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या खाटेवर ती सुरू झाली ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही पद्धत कष्टकऱ्याच्या सोयीची आहे, यात शंका नाही. मोठ्या चिरेनंतर आठवडाभर रुग्णालयात पडून राहायचे आणि दीड-दोन महिने ओझे उचलायचे नाही, असा पूर्वीचा दंडक होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कामाला लागतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्या दृष्टीने हा फरक उपकाराइतका मोठा आहे. तेव्हा पुढे जे म्हणायचे आहे ते या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

या पद्धतीत एक अडचण आहे. सुजलेले, ताणलेले पित्ताशय चिमट्याने धरून यकृतापासून सोडवताना, किंवा लहान छिद्रातून बाहेर ओढताना फाटते. पित्त सांडते आणि त्याबरोबर खडेही उदरपोकळीत विखुरतात. मोठ्या चिरेच्या शस्त्रक्रियेतही पित्ताशय फाटत असे. पण तेव्हा सांडलेले खडे हाताने वेचता येत आणि पोट पुसून घेता येई. दुर्बिणीतून ते एकेक टिपावे लागतात. काही आतड्याच्या वळणांत, काही यकृताच्या मागे जाऊन दडतात. परदेशांतील अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करता शंभर शस्त्रक्रियांपैकी सुमारे सातांत खडे सांडतात आणि सुमारे दोनांत काही खडे आतच राहतात, असे दिसते. आत राहिलेल्यांपैकीही बहुतेक खडे कोणाला त्रास देत नाहीत. शरीर त्यांच्याभोवती वेष्टण घालून त्यांना स्वस्थ बसवते. सुमारे दहांतल्या एकाला मात्र उपद्रव होतो. म्हणजे हिशेब हजारी एक-दोन माणसांचा झाला.

हजारी एक-दोन हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु शस्त्रक्रिया लाखांच्या संख्येने होऊ लागल्या की हजारी एक-दोनाची लाखामागे शंभर-दोनशे माणसे होतात, आणि त्यांतील प्रत्येकाच्या वाट्याला येणारे दुखणे मात्र हजारावा हिस्सा नसते, सबंध असते.

या दुखण्याचे स्वरूप विलक्षण आहे. जंतू बाळगणारा खडा यकृताखाली, श्वासपटलाखाली किंवा पोटाच्या भिंतीत गळू निर्माण करतो. गळवाचा पू फोडून काढला तर काही दिवस बरे वाटते, प्रतिजैविकांनी ताप उतरतो; पण खडा जागेवर असेतोवर गळू पुन्हा भरते. काहींच्या कुशीवर किंवा पाठीवर वाहती जखम होते व ती भरून येत नाही. क्वचित खडा श्वासपटल भेदून छातीत शिरतो आणि रुग्णाच्या खोकल्यावाटे बाहेर पडतो. अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्त्रियांच्या ओटीपोटात उतरलेला खडा गाठीसारखा भासतो, तर कधी पोटात पसरलेल्या कर्करोगाचा आभास निर्माण करतो. संसर्ग झालेले, काळसर रंगाचे, आकाराने मोठे किंवा संख्येने पुष्कळ खडे असतील आणि रुग्ण वयस्क असेल तर धोका वाढतो. आणि या सर्वांत महत्त्वाची गोष्ट काळाची. उपद्रव पुष्कळदा काही महिन्यांत, वर्षभरात डोके वर काढतो. पण दहा-पंधरा वर्षांनी, क्वचित त्याहूनही उशिरा तो उद्भवल्याची उदाहरणे आहेत.

आता एका ऊसतोड कामगार स्त्रीची कल्पना करावी. पावसाळ्यात तिची शस्त्रक्रिया झाली, दिवाळीच्या सुमारास ती जोडीदाराबरोबर कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यावर गेली. चार हंगाम उलटले. पाचव्या हंगामात फडावर उजव्या कुशीत ठणका आणि संध्याकाळी ताप सुरू झाला. तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदाच पाहतो आहे. पोटावरचे तीन-चार बारीक व्रण त्याच्या लक्षात आले तरी त्या शस्त्रक्रियेत काय घडले हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याला क्षयाचा संशय यावा हे आपल्या देशात स्वाभाविक आहे. कर्करोगाची शंका आली तरी दोष देता येणार नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्ततपासण्या, सुईने काढलेला पू असा प्रवास सुरू होतो. चुना नसलेला खडा सीटी स्कॅनवरही सहजी दिसत नाही. मुकादमाची उचल फेडायची असताना कोयता बंद पडतो आणि उचलीवर नवी उचल चढते. 'शस्त्रक्रियेत खडे सांडले होते, सगळे सापडले नाहीत' हे एक वाक्य तिच्या जवळच्या कागदावर असते, तर पहिल्याच डॉक्टरने योग्य जागी शोध घेतला असता, आणि खडा काढून टाकताच दुखणे मिटले असते.

हे वाक्य का लिहिले जात नाही? सर्व शल्यचिकित्सक ते लपवतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक जण शस्त्रक्रियेच्या टिपणात प्रामाणिकपणे नोंद करतात; पण ते टिपण रुग्णालयाच्या कपाटात राहते, रुग्णाच्या कार्डावर येत नाही. काहींना वाटते, उगाच घाबरवायचे कशाला. काहींना ग्राहक न्यायालयाची भीती वाटते. पण व्यक्तीच्या सद्‌हेतूची चर्चा करून हा प्रश्न सुटणार नाही. व्यवस्थाच अशी रचली गेली आहे की न लिहिण्यात कोणाचेही नुकसान होत नाही. होते ते फक्त रुग्णाचे.

या व्यवस्थेतल्या मुदती मोजून पाहाव्यात. पहिली मुदत विम्याची. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांनी लक्षावधी कुटुंबांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना आज सर्व महाराष्ट्रात आहे. परंतु अशा योजनांच्या पॅकेजात घरी सोडल्यानंतरची जबाबदारी दहा-पंधरा दिवसांची धरलेली असते. दुसरी मुदत दप्तराची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागदपत्र डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाचे असतात आणि मागितल्यास बहात्तर तासांत द्यावयाचे असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली जाहीर झाली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. तिसरी मुदत कायद्याची. ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. विलंब माफ करण्याची तरतूद असली तरी विलंबाचे कारण रुग्णाने पटवून द्यायचे असते. दहा-पंधरा दिवस, दोन वर्षे आणि तीन वर्षे! यांतील एकही मुदत पोटातल्या खड्याला ठाऊक नाही.

ही अडचण कल्पनेतली नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. गोव्यातील सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका स्त्रीवर १९९३ साली मुंबईत पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. पुढे नऊ वर्षे पोटदुखी चालू राहिली. २००२ साली तपासणीत व दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात कापडाची पट्टी राहून गेल्याचे आढळले, अशी तिची तक्रार होती, आणि ती २००४ साली दाखल झाली. खड्याचा तो प्रश्न नव्हता आणि शस्त्रक्रियाही जुन्या पद्धतीची होती. परंतु काळाचा पेच हाच होता. न्यायालयाने तत्त्व मान्य केले, की इजा उघड दिसण्याजोगी नसेल तर रुग्णाला ती ज्या दिवशी कळली किंवा वाजवी काळजी घेतल्यास कळू शकली असती, त्या दिवसापासून मुदत मोजावी. मात्र ही स्त्री स्वतः परिचारिका होती. इतकी वर्षे वेदना होत असताना तिने आधीच शोध घ्यायला हवा होता, असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. डॉक्टरची चूक होती की नव्हती याचा निवाडा झालाच नाही.

या निकालाच्या गुणदोषांत न शिरताही एक प्रश्न उरतो. वैद्यकीय ज्ञान असलेल्या, सरकारी नोकरीत असलेल्या स्त्रीला जर 'तुला आधी कळायला हवे होते' असे ऐकावे लागते, तर अंगठा उठवणाऱ्या मजुराने वाजवी काळजी घेतली की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार? कळण्याची जबाबदारी रुग्णावर टाकायची असेल तर कळण्याचे साधनही त्याच्या हाती दिले पाहिजे. ते साधन म्हणजे त्याच्या भाषेत लिहिलेली खरी नोंद.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. के. विल्यम काप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. त्याचा आशय असा की उत्पादनाचा जो खर्च उद्योजकाच्या वहीत चढत नाही तो नाहीसा होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसतो. वैद्यकातही तेच घडते. पॅकेजची रक्कम ठरलेली असते. तीत शस्त्रक्रियेची किंमत असते. सांडलेले खडे एकेक करून वेचण्यात आणि पोट धुऊन काढण्यात गेलेल्या अर्ध्या-पाऊण तासाला वेगळी किंमत नसते. जो शल्यचिकित्सक तो वेळ देतो तो पदरमोड करतो. जो देत नाही त्याचा हिशेब अधिक चोख दिसतो. पुढच्या गळवाचा, स्कॅनचा, बुडालेल्या रोजगाराचा खर्च त्याच्या वहीत कधीच येत नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली दाखवून दिले होते की वैद्यकसेवेत विकणाऱ्याजवळचे ज्ञान आणि घेणाऱ्याजवळचे ज्ञान यांत मूलतःच अंतर असते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही. खडा आत राहिला हे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, याहून त्या अंतराचे नेमके उदाहरण कोणते?

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की रुग्ण घाबरतील. रुग्णाला धड सांगितले तर तो घाबरत नाही. 'काही खडे आत राहिले आहेत, बहुधा त्रास होणार नाही, पण ताप आला, कुशीत दुखले, व्रणातून पू आला तर हा कागद घेऊन या' हे वाक्य कोणालाही समजते. दुसरा आक्षेप असा की अशी नोंद म्हणजे डॉक्टरने स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा होईल. ही भीती समजून घेतली पाहिजे. खडे सांडणे हा सुजलेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतला ज्ञात धोका आहे. ते केवळ सांडले म्हणून हलगर्जी ठरत नाही. दिसणारे खडे न वेचणे आणि राहिलेल्यांची गोष्ट दडवणे याला मात्र हलगर्जीच म्हणावे लागेल. प्रामाणिक नोंद करणाऱ्या डॉक्टराला संरक्षण आणि दडवणाऱ्याला जाब, अशी विभागणी कायद्यात स्पष्ट झाली तर चांगल्या डॉक्टरांचाच फायदा आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून, उपचारांत रुग्णाला इजा झाली तर ती त्याला उघडपणे सांगण्याचे बंधन सार्वजनिक आरोग्यसेवेवर कायद्यानेच घातले आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढले तर ओढताना फाटले तरी खडे पोटात पसरत नाहीत. तयार पिशवी महाग पडते हे खरे. पण निर्जंतुक हातमोज्याची पिशवी करून वापरण्याची रीत आपल्याकडील अनेक शल्यचिकित्सकांनी रूढ केली आहे आणि तिला नाममात्र खर्च येतो. नोंदीला तर एक ओळ शाई लागते.

अहिल्यानगर जिल्ह्याला या बाबतीत शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस, कारखाने, लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय. दक्षिणेला अवर्षण आणि स्थलांतर. त्या दक्षिणेतल्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. अक्षरओळखही नसलेल्या, बहुतांशी दलित व गरीब घरांतल्या स्त्रियांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केले, आणि वैद्यकीय ज्ञान हे पदवीधरांच्या कुलुपात ठेवायची वस्तू नाही हे सिद्ध केले. १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने जगाने त्याची दखल घेतली. जी स्त्री बाळाचे वजन आणि गरोदर बाईची लक्षणे ओळखू शिकली, ती 'हिच्या कार्डावर खडे राहिल्याचे लिहिले आहे' एवढे लक्षात ठेवू शकणार नाही काय? आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. शस्त्रक्रिया करून आलेल्यांची वही त्यांच्याकडे असावी आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा.

मागण्या मोजक्याच आहेत. पित्ताशयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर, पित्ताशय फाटले का, खडे सांडले का आणि सर्व काढले का, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या कार्डावर मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. सरकारी योजनेचे पैसे रुग्णालयाला देताना ही नोंद पाहिल्याशिवाय देऊ नयेत. शस्त्रक्रियेची टिपणे तीन वर्षांनी नष्ट करण्याची मुभा रद्द करून ती दीर्घकाळ जपावीत. २०२१ पासून केंद्राने आरोग्याच्या संगणकीय नोंदींचा जो गाजावाजा चालवला आहे त्याचा उपयोग निदान यासाठी व्हावा. आणि पोटात राहिलेल्या खड्यामुळे पुढे केव्हाही उपद्रव झाला तर त्याचा उपचार मूळ शस्त्रक्रियेचाच भाग समजून योजनेतून विनामूल्य करावा.

या मागण्यांसाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या गावात, कारखान्याच्या कोप्यांवर, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांची कार्डे पाहावीत. ज्यांच्या शस्त्रक्रियेला अजून तीन वर्षे झाली नाहीत त्यांच्याकडून रुग्णालयाला रीतसर अर्ज करवून शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागवावी. ती बहात्तर तासांत देणे नियमाने बंधनकारक आहे. कागद मिळाला की एखाद्या जाणत्या डॉक्टरकडून त्याचा अर्थ मराठीत लिहून घ्यावा आणि पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपायला सांगावे. एका तालुक्यात हे काम नेटाने झाले तरी पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबेल आणि ती राहिलेली ओळ लिहून पुढे जाईल.